सात पानांची काडी

रूथआक्का भाव करत नसत. खडेबाजारात चाळीस वर्षं गुलकंद आणि गुलाबपाणी विकताना असं दुसरं माणूस मला भेटलं नाही. निपाणीकडच्या एका खेड्यातून डोक्यावर फुलांची पाटी घेऊन मी या शहरात आलो. तेव्हापासून समोरच्याचा पहिला शब्द ऐकला की तो शेवटी कुठं येऊन थांबणार, हे मला कळायचं. आक्कांचा पहिला शब्द हाच शेवटचा असायचा. मग त्या पाठ फिरवून खुरपं चालवायच्या आणि आपण एकटेच आपल्याशी घासाघीस करत उभे राहायचो.

बेळगावच्या कॅम्पात गोऱ्यांचं एक जुनं कबरस्तान आहे. तापानं गेलेले कप्तान, बाळंतपणात गेलेल्या त्यांच्या बायका, कुणाची जुळी मुलं, असे सगळे तिथं तांबड्या मातीत झोपलेले आहेत. कमिटी होती, सेक्रेटरी होता, पण मातीत हात घालणारी माणसं चार-पाचच. दर शनिवारी सकाळी ती आपणहून यायची आणि कबरींवरचे गुलाब राखायची. कुणी त्यांना काही देत नव्हतं. त्यांत पाव भाजणारा पास्कू होता. तो मूळचा गोव्याकडचा, भट्टीचं काम उरकून पिठाच्या हातांनीच यायचा. आणि या सगळ्यांच्या वर रूथआक्का.

आक्का खानापूरकडच्या मराठी ख्रिस्ती घरातल्या. लष्करी इस्पितळात नर्स म्हणून जन्म काढून घरी बसल्या होत्या, म्हणजे घरी बसल्या नव्हत्या. पांढरं लुगडं आणि खाली इस्पितळातले जुने काळे बूट. खांद्याइतक्या उंचीची एक वेळूची काठी हातात, आणि काठीला साडेतीन फुटांवर लाल चिंधी बांधलेली. फाटकावर पाटी होती, तिच्यावर लागवडीचे नियम इंग्रजीत आणि खाली बाळबोधीत रंगवलेले. साडेतीन फुटांपेक्षा उंच काही लावायचं नाही. रजिस्टरात नोंद नसलेल्या जागी काही लावायचं नाही. फूल तोडून बाहेर न्यायचं नाही. नियम कमिटीचे होते, पण ते चालायचे आक्कांच्या काठीवर. चिंधीच्या वर आलेली फांदी त्या बोलता बोलता छाटून टाकायच्या.

कबरींना नंबर होते आणि आक्का फिरायच्या त्या वॉर्डात फिरल्यासारख्या. पास्कूला विचारायच्या, "अकरा नंबर कसा हाय आज?"

"पानं पिवळी पडली, आक्का."

"पाणी जास्त झालंय. आज उपाशी ठेव त्याला." मग मातीला खुरपं लावताना खाली बघून म्हणायच्या, "उठू नका कॅप्टनसाब, मीच हाय."

मी पहिल्यांदा तिथं गेलो तो धंद्यासाठी. गुलाब गळतात, पाकळ्यांचा सडा पडतो आणि तो कुजून जातो, हे रस्त्यावरून दिसायचं. मला ते बघवत नव्हतं. पाटी मी नीट वाचून घेतली आणि आत जाऊन म्हणालो, "आक्का, फूल न्यायला बंदी हाय. पाकळीला न्हाय."

आक्कांनी मान वर केली नाही. "कुठला रं तू?"

"निपाणीचा. बाजारात दुकान हाय गुलकंदाचं."

"पाकळी भुईवर पडली की खत झाली, निपाणकर. खत न्यायचं तर खत आणून टाक. म्हयन्याला एक गाडी. कुजलेलं शेणखत, ओलं न्हाय."

"दोन म्हयन्याला एक."

आक्का तण काढत राहिल्या.

"बरं, दीड म्हयन्याला. तुमचं न्हाय, माझं न्हाय."

"पास्कू, सोळा नंबरला आळं कर रं."

अर्धा तास मी तिथं उभा. शेवटी माझाच आवाज मला ऐकू आला, "म्हयन्याला एक, चला." घरी येताना हिशेब केला तर गाडीभर खताला मूठभर पाकळ्या पडत होत्या. तरी मी तो सौदा मोडला नाही, कारण एका कोपऱ्यातल्या पाकळ्यांचा वास मला लागला होता.

तो कोपरा पूर्वेच्या भिंतीकडे, चिंचेच्या अलीकडे. तिथं कबर अशी दिसत नव्हती. दगड नाही, क्रूस नाही. जमिनीला किंचित उंचवटा आणि त्यावर एक जुना गुलाब, फिक्या गुलाबी रंगाचा. फूल लहानच, पण त्याची मूठभर पाकळी बरणीत पडली की सगळ्या गुलकंदाला त्याचा वास यायचा. तसा गुलाब मी पुन्हा कुठं पाहिला नाही. फेरी संपली की आक्का सगळ्यांत शेवटी तिथं थांबायच्या. या जागेला नंबर नव्हता. त्या नुसतंच म्हणायच्या, "आनि ही." बाकी काही नाही.

आक्का हे माणूस कसं होतं ते कळावं म्हणून एक प्रसंग सांगतो. एका मेमसाहेबानं नवऱ्याच्या कबरीपाशी सुरूचं रोप लावलं होतं. ते वाढत वाढत लाल चिंधीच्या वर गेलं. आक्का करवत घेऊन गेल्या. मेमसाहेब संतापली, मग रडायला लागली. आक्कांना इंग्रजी येत होतं, पण महत्त्वाचं त्या मराठीतच बोलायच्या आणि पास्कूला सांगायच्या, "तिला सांग." त्या म्हणाल्या, "झाड तुमच्या साहेबाचं, पण सावली पडतीया शेजारच्या शिपायावर. त्याला ऊन कोण देणार?" पास्कूनं सांगितलं. मेमसाहेब झाडापासून बाजूला सरली. आक्कांनी सुरू कापला आणि मग तासभर तिच्याजवळ बसून गुलाबाला डोळा कसा बांधायचा, म्हणजे एका झाडाचा कोंब दुसऱ्याच्या खोडावर कसा जोडायचा, ते शिकवलं. पुढं ती मेमसाहेब स्वतः दर शनिवारी यायला लागली.

मी लांबून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, वा. कारण कोपऱ्यातला गुलाब आक्कांच्या डोक्याच्या वर गेलेला होता आणि त्याला कधी काठी लागलेली मी पाहिली नव्हती. हे मी तेव्हा नुसतं मनात ठेवलं. धंद्यात अशा गोष्टी मनात ठेवाव्या लागतात.

वर्षभर मी न चुकता खत घातलं. दसऱ्यानंतर छाटणी असायची. छाटलेल्या काड्या फाटकाच्या आतच जाळायच्या, अशी त्यांची रीत. त्या वर्षी आक्कांनी मला कोपऱ्यात बोलावलं.

"निपाणकर, ह्याच्यावर तुझा डोळा हाय. व्हय का न्हाय?"

"हाय की."

"वरीसभर खत घातलंस. एक काडी तुझी. पाटीवर फुलाचं लिवलंय, काडीचं लिवलं न्हाय." त्यांनी एक बारीक, तपकिरी, वाकडी काडी दाखवली. "ही घे."

मी झाडाकडे बघितलं. बुंध्याच्या अगदी खालून, मातीतून, एक हिरवीगार, अंगठ्याएवढी जाड, सरळसोट फांदी वर आली होती. तिचा जोम बघूनच माझं मन तिच्यावर गेलं. मंडईत बायका वर चांगली वांगी मांडतात आणि द्यायच्या वेळी खालची काढतात. दाखवणारा हात जिथं असतो तिथं माल नसतो, हे मी पोटासाठी शिकलो होतो.

"ती द्या," मी म्हणालो.

"ती मी काढून टाकणार हाय."

"मग तीच द्या की!"

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "जाड बगू नको. पानं मोज, आनि मग बोल."

मला वाटलं, म्हातारी वेळ काढतेय. जन्मभर मी वजनावर माल घेतला, पानं कसली मोजायची? मी म्हणालो, "आक्का, द्यायचं नसलं तर न्हाय म्हणा. पोराला फसवल्यागत फसवू नका." माझा आवाज चढला होता. पास्कू लांबून बघायला लागला.

आक्कांनी कात्री हातात घेतली. मग म्हणाल्या, "बरं." आणि ती जाड फांदी कापून माझ्या हातात दिली. बारीक काडी त्यांनी जाळात टाकली नाही, झाडावरच ठेवली. एवढं मला आठवतं.

ती फांदी मी दुकानामागच्या अंगणात लावली आणि कुणाला दाखवली नाही. लोक कलमं चोरतात. ती जोरात वाढली. मी बायकोला सांगत असे, पुढच्या वर्षी बघ, अख्ख्या बेळगावात नसेल असा गुलकंद. पुढच्या वर्षी फुलं आली. पांढरट, पाच पाकळ्यांची, बटणाएवढी. वास नाही. नाक लावून लावून बघितलं, पाल्याचा वास.

मी तडक कबरस्तानात गेलो. चार माणसांसमोर म्हणालो, "गंडवलंत मला. देवाधर्माच्या जागी बसून गंडवलंत."

आक्का खाली बसून आळं करत होत्या. "पानं मोजली व्हतीस?" त्यांनी विचारलं.

"पानं न्हाय, मी माणसं मोजतो. तुम्हाला आज मोजलं."

त्या पाठ फिरवून आळं करत राहिल्या. ते मला जास्त लागलं. भांडणाऱ्याला शिवी चालते, पाठ चालत नाही.

कमिटीचा नवा सेक्रेटरी त्याच सुमाराला आला होता. रेल्वेतून निवृत्त झालेला, लोंढ्याला बरीच वर्षं काढलेला एक साहेब. नियमाच्या बाहेरचं त्याला काही दिसत नाही, अशी त्याची ख्याती. मी फाटकापाशी जाऊन पाटी पुन्हा वाचली. मग कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडे गेलो. सांगितलं, एक झाड आहे, साडेतीन फुटांपेक्षा उंच, आणि जागेची नोंद नाही. त्यानं टाक थांबवला. म्हणाला, "जागा कंची? चतुःसीमा पायजे." आमच्याकडच्या अर्जनवीसांना शेताचे कागद लिहून लिहून सवयच तशी. कोंबडी हरवल्याचा अर्ज असला तरी चारी बाजूंच्या खुणा घातल्याशिवाय त्यांचा टाक पुढं जात नाही. मी परत गेलो, पावलं टाकली आणि खुणा आणून दिल्या. खाली सही नाही, नुसतं 'एक हितचिंतक'. अर्जाची एक नक्कल मी ठेवून घेतली. कुठल्याही कागदाची नक्कल मी ठेवतो.

पुढच्या शनिवारी मी फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. मजा बघायला गेलो होतो, हे आता लपवून काय करू.

सेक्रेटरीसाहेब हातात रजिस्टर आणि माझा अर्ज घेऊन कोपऱ्यात उभा होता. त्यानं पानं उलटली, झाडाकडे बघितलं आणि विचारलं. पास्कूनं नंतर मला सांगितलं तो काय म्हणाला ते. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "इथं कोण आहे? नाव सांगा. मी कमिटीपुढं विनंती ठेवीन."

आक्का म्हणाल्या, "नोंद न्हाय."

"पण कोणी आहे का?"

"नोंद न्हाय, साहेब. आनि उंचीबी जास्त हाय. लोकांची झाडं मी कापली. हे मी ठेवलं. चुकी माझी."

साहेबानं आठ दिवसांची मुदत दिली. आक्कांनी ती घेतली नाही. तिथंच पास्कूच्या हातून कुदळ घेतली. चैत्राचं ऊन होतं, माती दगडासारखी. पास्कू म्हणाला, "आक्का, पाऊस पडंपर्यंत तरी थांबा. मरेल ते." त्या थांबल्या नाहीत. मुळं मनगटाएवढी होती. साठीच्या वर गेलेली बाई, लुगड्याचा काचा मारून, इस्पितळाच्या बुटानं कुदळीवर जोर देत होती आणि मी फाटकाच्या गजांतून बघत होतो. झाड निघालं तेव्हा त्यांनी ते रॉकेलच्या डब्यात घातलं, वर ओलं फडकं गुंडाळलं आणि डबा कडेवर घेऊन माझ्या अंगावरून गेल्या. माझ्याकडे बघितलं नाही. अर्ज माझा होता हे त्यांना कळलं होतं की नव्हतं, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

झाड पंधरा दिवसांत वाळलं.

पास्कू पाव टाकायला बाजारात यायचा. एक दिवस दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं आपणहूनच सांगितलं. "तिथं आक्काची धाकटी बहीण आहे रे बाबा. लीआ. प्लेगच्या साली दोघी बहिणी इस्पितळात कामाला होत्या. धाकटी गेली. त्या दिवसांत कोण रजिस्टर लिहिणार? घाईघाईनं पुरली. लाकडी क्रूस वाळवीनं खाल्ला. लीआच्या खिडकीत एक गुलाब होता कुंडीत, त्याचा डोळा आक्कानं रानगुलाबाच्या खुंटावर बांधला आणि तिथं लावला. तो गुलाब हाच दगड, हीच पाटी."

"मग साहेबाला सांगितलं का न्हाय?" मी चिडून विचारलं. मला खरंच राग आला होता.

"काळ्या माणसाला तिथं जागा नव्हती त्या वेळी. एका पाद्रीनं डोळे मिटून घेतले म्हणून झालं. सांगितलं असतं आणि कमिटीनं उकरा म्हटलं असतं तर? झाड गेलं तर गेलं, ती तरी राहू दे, आक्का म्हणाली." पास्कू उठला. जाताना म्हणाला, "त्या झाडाची काडी तिनं कुणाला दिली नव्हती कधी. तू पहिला."

त्याच पावसाळ्यात तवनाप्पा आला. हा चिकोडीकडचा जैन शेतकरी, माझ्यासाठी गुलाब पिकवायचा. हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेला आणि तिथून हसत परतला.

"सावकार, खुंट कशाला वाढवलाय एवढा? कलम करणार?"

"खुंट कसला?"

"अय्यो! हा रानगुलाब न्हवं का? पानं बघा की. एका देठाला सात हायती. चांगल्या गुलाबाला पाच. खुंटाची फूट खालनं येती, जाड असती, लई जोरात येती. ती दिसली की काढून टाकायची, न्हाईतर वरचं कलम मरतंय. आमच्यात बारकी पोरं बी पानं मोजत्यात."

तो हसत होता. मी अंगणात गेलो आणि मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. दुसरा देठ धरला. सात.

म्हणजे आक्कांनी खरं तेच दाखवलं होतं. ती बारीक वाकडी काडी हाच तो गुलाब होता, आणि मी ती घेतली असती तर तो आज माझ्या अंगणात असता. लीआच्या खिडकीतला गुलाब जगात कुठंतरी राहिला असता. तो राहिला नाही. आजही माझं एक मन म्हणतं, आक्कांनी सरळ चार शब्दांत सांगायचं होतं. पानं मोज म्हणजे काय, हे गुलकंदवाल्याला कसं कळणार? असं म्हणून मी कित्येक वर्षं स्वतःला सोडवून घेत आलो. सुटलो नाही.

मी कबरस्तानात जाणं बंद केलं, पण खताची गाडी दर महिन्याला पाठवत राहिलो. गाडीवान परत येताना न विसरता एक फडकं आणायचा. त्यात पाकळ्या असायच्या, ओल्या कापडात नीट गुंडाळलेल्या. ठरलं होतं ते ठरलं होतं. त्या पाकळ्यांचा गुलकंद मी विकला नाही, आणि खाल्लाही नाही. फडकं धुऊन परत पाठवायचो, एवढंच. एकदाही निरोप गेला नाही, एकदाही आला नाही.

लढाई आली आणि संपली. मग गोरे जायला लागले. झेंडा बदलला त्या श्रावणात सेक्रेटरीसाहेबही बायकोला घेऊन विलायतेला निघून गेला आणि जाताना रजिस्टर पास्कूच्या हातात देऊन गेला. पास्कू दुकानात आला. आता त्याचे केसही पिठासारखेच पांढरे झाले होते.

"पूर्वेची भिंत पावसानं पडली," तो म्हणाला. "नवीन भिंत आत घेणार म्हणतात. नोंद असलेल्या कबरी आत, बाकीची जागा बाहेर, रस्त्यात. आक्का रोज त्या कोपऱ्यात फिरते. डोळ्यांत मोतीबिंदू. जागा सापडत नाही. भिंतीची माती पसरली, वर घाणेरीची झुडपं माजली. चिंच पण तोडली, बुंधा उरला आहे. मला वाटतं इथं, तिला वाटतं तिथं. नेमकी जागा लिहिल्याशिवाय नोंद कशी करू?"

तो गेल्यावर मी पेटी उघडली. नक्कल होती. फाटकाच्या उजव्या खांबापासून भिंतीच्या अंगानं सव्वीस पावलं, तिथून चिंचेच्या रोखानं सात. मूळ अर्ज कधीच रद्दीत गेला असणार. लीआ कुठं झोपली आहे हे आता जगात या एकाच कागदावर लिहिलेलं होतं, आणि तो कागद मी तिचं झाड उपटण्यासाठी लिहून घेतला होता.

पावलं आठवतात असं सांगून कागद न दाखवता जाता आलं असतं. वाटेत मी तसंच ठरवलं होतं. अंगणातल्या रानगुलाबाचं एक वीतभर रोप मी डब्यात घालून घेतलं होतं.

आक्का घाणेरीत उभ्या होत्या. वाकल्या होत्या, पण पायांत तेच बूट आणि हातात तीच काठी. चिंधीचा रंग मात्र गेला होता.

"कोण?"

"मी. निपाणकर."

"खत आलंय परवाच."

"खतासाठी आलो न्हाय. मला जागा ठाऊक हाय."

काठी थांबली. "तुला कशी रं ठाऊक?"

मी तोंडात तयार करून आणलेलं वाक्य गिळलं. कागद काढून पुढं केला. त्यांनी तो बोटांनी चाचपला आणि परत दिला. "मला दिसत न्हाय. वाच."

मी वाचला. श्रावणाच्या भुरभुरीत, पास्कूच्या समोर, माझाच अर्ज मी मोठ्यानं वाचला. सदरहू झाड नियमाबाहेर उंच असून, सदरहू जागेची रजिस्टरात नोंद नसून, सदरहू बाई नियम दुसऱ्यास लावून स्वतः मोडत असून. चतुःसीमा येणेप्रमाणे. तळाशी 'एक हितचिंतक' होतं, तेही वाचलं.

"अक्षर कुणाचं?"

"अर्जनवीसाचं."

"आनि बोलणं?"

"माझं."

आक्कांनी मान हलवली. भाजीवालीनं वजन बरोबर आहे म्हणून हलवावी तशी. मग म्हणाल्या, "पावलं मोज."

मी खांबापासून सुरुवात केली. सव्वीस टाकली, वळून सात टाकली. पास्कूनं कुदळ मारली. नुसती माती.

"तशी न्हाय," आक्का मागून म्हणाल्या. "तवा तू रागात व्हतास. रागात पावलं लांब पडत्यात. तसा चाल."

मी परत खांबापाशी गेलो. राग आणायचा प्रयत्न केला. जन्मभर ज्याला मी कधी बोलावलं नाही आणि जो आपणहून आला, तो राग त्या दिवशी येईना. मी नुसत्याच ढांगा टाकल्या. सव्वीस. वळलो. सात. पास्कूनं कुदळ मारली आणि ती कुजक्या मुळावर अडकली. मनगटाएवढ्या.

आक्का खाली बसल्या. मुळावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "आनि ही."

रजिस्टर पास्कूकडे होतं. त्यांनी ते माझ्याकडे द्यायला लावलं. "तूच लिव. तुला चतुःसीमा पाठ हाय." मी लिहिलं. सगळ्या इंग्रजी नावांच्या खाली मराठीतलं ते एकच नाव, माझ्या अक्षरात. लीआ. जागा, खांबापासून सव्वीस, मग सात. मी मध्ये 'लांब' हा शब्द घातला.

मग मी डबा पुढं केला. त्यांनी रोपाचा देठ बोटांत धरला आणि पानांवरून एकेक करून बोट फिरवलं. ओठ हलत होते. सात झाली.

मी म्हणालो, "आक्का, तवा सरळ का सांगितलं न्हाय?"

"सांगितलं असतं तर तू बारकी घेतली असतीस?"

"न्हाय," मी म्हणालो.

"लाव," त्या म्हणाल्या. "त्याच्याच मुळाचं हाय. डोळा कुठला बांधायचा ते मागनं बगू. भिंत इकडं येणार, म्हणून भिंतीपासनं चार फूट सोड."

बांधायला लीआच्या गुलाबाचा डोळाच आता कुठं उरला नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी रोप लावलं. माफ केलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, आणि ती गोष्ट मागून घेण्याची माझी हिंमत झाली नाही. मी निघालो.

"निपाणकर," त्यांनी हाक मारली. मी गर्रकन वळलो.

"परवाचं खत ओलं व्हतं."

पुढच्या महिन्यात मी स्वतः गाडीबरोबर गेलो, चांगलं कुजलेलं खत घेऊन. आक्का आठ दिवसांपूर्वी गेल्या होत्या. पण मला त्या दिसतात त्या आदल्या खेपेच्याच. फाटकापाशी पोचून मी मागं बघितलं तेव्हाच्या. पाऊस भुरभुरत होता. त्या वीतभर रोपाशेजारी आक्का काठी सरळ उभी धरून उभ्या होत्या आणि रंग गेलेली चिंधी बोटांनी चाचपत, ते वर गेलं नाही ना, हे तपासत होत्या.